आभाळाकडे एक डोळा

चार माणसे एकत्र बसली आणि बोलण्यास विषय उरला नाही, म्हणजे हवेची गोष्ट निघते, अशी एक समजूत आहे. "यंदा उकाडा फार," असे एकाने म्हणावे, "पाऊस लांबणारसे दिसते," असे दुसऱ्याने म्हणावे, आणि तेवढ्यात आतून चहा यावा; बैठकीच्या खोलीत हवेचे महत्त्व एवढेच. परंतु ज्यांचे पोट उघड्या आभाळाखाली भरावयाचे असते, त्यांच्या तोंडची हवेची गोष्ट रिकामपणाची नसते. ती व्यवहाराची असते, आणि प्रसंगी जीवनमरणाची असते. शेतकऱ्याच्या बाबतीत हे आपण सर्वच जाणतो. पण त्याहूनही अधिक बारकाईने आभाळ वाचणारा एक वर्ग आमच्याच जिल्ह्यात आहे, आणि त्याच्याकडे सुशिक्षितांचे लक्ष क्वचितच जाते. तो म्हणजे मोठ्या तलावांवर मासे धरणारा भोई.

धाराशिव जिल्हा आणि मासेमारी हे शब्द शेजारी शेजारी वाचून परजिल्ह्यातील वाचकांस हसू येण्याचा संभव आहे. आमच्या जिल्ह्याची कीर्ती काय ती अवर्षणाची. पश्चिमेकडून येणारे ढग सह्याद्रीवर आपले दान रिते करितात, आणि बालाघाटच्या माथ्यावर पोहोचेतो त्यांच्या झोळीत थोडेच उरते. २०१६ च्या एप्रिलात शेजारच्या लातूर शहरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, ही गोष्ट साऱ्या देशाने वाचली आहे. तथापि पाण्याचे दुर्भिक्ष्य हेच येथील मोठ्या तलावांचे कारण होय. जेथे पाणी थोडे, तेथे ते अडविण्याची बुद्धी आधी सुचते. नळदुर्गच्या किल्ल्यात आदिलशाहीच्या काळी बोरी नदीस बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधला गेला, तो आजही पाहावयास मिळतो. अलीकडच्या काळात परंड्याकडे सीनेवर सीना-कोळेगावचे धरण झाले, कळंबच्या सीमेवर मांजरेचे झाले, आणि लोहारा तालुक्यात माकणी येथे तेरणेवर निम्न तेरणेचे झाले. चांगल्या वर्षी या जलाशयांच्या एका काठावरून दुसऱ्या काठावरचा माणूस ओळखू येत नाही. पाणी आले, पाण्यात रोहू, कटला, मृगळ यांचे बी सोडण्यात आले, आणि त्यामागोमाग जाळी आली.

आता आमच्यासारख्या माणसाचा त्या जाळ्याशी संबंध कसा आला, हे सांगणे प्राप्त आहे. आमचे घर चातुर्मासात कांदा-लसूणही वर्ज्य करणारे. मासळी हा शब्द स्वयंपाकघरात उच्चारला गेला तर आमच्या मातोश्री अद्यापही भुवया वर चढवितात. परंतु आमची उमेदीची वर्षे शिक्षकीत गेली, आणि शिक्षकाचे विद्यार्थी सर्व घरांतून येतात. त्यांपैकी एक भोयाचा मुलगा माकणीच्या तलावावर आपल्या वडिलांबरोबर धंदा करितो. "गुरुजी, एकदा पाण्यावर या," असा त्याचा बरेच दिवसांचा आग्रह होता. सेवानिवृत्तीनंतर वेळ मिळाला, आणि आम्ही गेलो. एकदा गेलो तो गेल्या दोन वर्षांत अनेक वेळा जाणे झाले. मासे त्यांनी धरावे, आणि आम्ही आभाळ पाहावे, अशी वाटणी ठरली. मातोश्रींनी एकच अट घातली, की परतल्यावर अंगणातच स्नान करून मग उंबरा ओलांडावा. ती आम्ही आनंदाने पाळतो.

त्या मुलाच्या वडिलांस आम्ही 'मामा' म्हणतो. ते आम्हांस 'गुरुजी' म्हणतात. मामांचे शिक्षण दुसरी इयत्तेपलीकडे गेलेले नाही. पण आभाळाचे पुस्तक त्यांनी इतक्या वेळा वाचले आहे, की त्याचे कोणते पान पुढे येणार ते त्यांस आधीच कळते.

या धंद्यातील मुख्य अडचण अशी, की जाळे सोडण्याची वेळ आणि वळवाची वेळ एकच आहे. जाळे दिवस कलता पाण्यात उभे सोडावयाचे आणि पहाटे उचलावयाचे, हा नेहमीचा क्रम. चैत्र-वैशाखात आमच्याकडील काळी जमीन आणि उघडा खडक दुपारपर्यंत तव्यासारखे तापतात. तापलेली हवा वर चढते, तिच्यात बाष्प असले म्हणजे तिचे ढग होतात, आणि तीन-चार वाजण्याच्या सुमारास ते ढग फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे फुगत जातात. ज्या ढगाचा माथा वाढता वाढता एकाएकी सपाट होऊन लोहाराच्या ऐरणीसारखा बाजूस पसरतो, त्याच्या पोटात वीज, वारा आणि गारा तिन्ही आहेत असे समजावे. मामांस ऐरणीची उपमा ठाऊक नाही. ते म्हणतात, "ढगानं पदर काढला." अर्थ एकच.

मामांनी आम्हांस शिकविलेली लक्षणे अशी आहेत. पहिले लक्षण म्हणजे वारा पडणे. दिवसभर अंगास लागणारा वारा एकदम थांबला, पाणी तेलासारखे गुळगुळीत झाले, तर नवखा माणूस सुखावतो. जाणता माणूस वल्ह्यास हात घालतो. दुसरे लक्षण, बगळे आणि इतर पाणपक्षी मधले पाणी सोडून काठाकडे येऊ लागतात. तिसरे लक्षण पलीकडच्या काठावर दिसते. तेथे धुळीची तांबूस भिंत उभी राहिली, की वारा तिथवर आला असे जाणावे. चौथे लक्षण पाण्यावर उमटते: दूरवर एक काळी रेघ दिसते आणि ती आपल्याकडे सरकू लागते. ती रेघ म्हणजे वाऱ्याने खडबडीत केलेले पाणी होय. रेघ दिसली म्हणजे विचार करण्याची वेळ संपली.

आणि पाचवे लक्षण म्हणजे मातीचा वास. पहिल्या पावसाच्या मृद्गंधाविषयी आपल्या कवींनी कितीतरी लिहिले आहे, आणि आम्हीही वर्गात ते रसभरित रीतीने शिकविले आहे. परंतु पाण्यावर त्या वासाचा अर्थ निराळा. वळवाच्या ढगातून पाऊस खाली येताना आपल्याबरोबर थंड हवेचा लोंढा आणतो. तो जमिनीवर आपटून चहूंकडे पसरतो, आणि पावसाच्या पुष्कळ पुढे धावतो. ओल्या मातीचा वास आला, याचा अर्थ कोठेतरी पाऊस पडला असून त्याचा वारा आपणापर्यंत येऊन ठेपला आहे. घराच्या ओसरीवर जो सुगंध आहे, तोच होडीत निर्वाणीचा इशारा आहे. तेव्हापासून मृद्गंध आला म्हणजे आमच्या मनात कवितेच्या आधी माकणीचे पाणी येते.

पाण्याचे स्वतःचेही काही नियम आहेत. लाट किती मोठी व्हावी हे वाऱ्याच्या वेगावर, तो किती वेळ वाहतो यावर, आणि त्यास किती लांब मोकळे पाणी मिळते यावर अवलंबून असते. म्हणून वारा ज्या काठावरून पाण्याकडे वाहतो, त्या काठाशी पाणी शांत दिसते, आणि जसजसे मध्याकडे जावे तसतशी लाट वाढते. काठावर उभे राहून "आज पाणी निवांत आहे" असे ठरविणाऱ्याची येथेच फसगत होते. शिवाय तलावावरील लाटा समुद्राच्या लाटांसारख्या लांब आणि संथ नसतात. त्या आखूड आणि उभ्या असतात. आमच्याकडील मासेमार ज्या लहान होड्या, थर्माकोलचे चप्पू, किंवा मालमोटारीच्या रबरी ट्यूबा वापरितात, त्यांस एका लाटेतून सावरण्याच्या आत दुसरी लाट गाठते.

विजेविषयीही एक हिशेब सांगण्यासारखा आहे, आणि तो घरातील मुलांसही शिकवावा. वीज दिसते त्याच क्षणी, पण तिचा आवाज सेकंदास सुमारे ३४० मीटर या चालीने येतो. म्हणून वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावे आणि तीनाने भागावे. जे उत्तर येईल तितके किलोमीटर ती दूर. तीस सेकंद आले तर वीज दहा किलोमीटरांवर आहे, आणि तेवढे अंतर सुरक्षित समजू नये. कारण पाऊस पडत नसलेल्या जागीही वीज येऊन पडते. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर अर्धा तास पाण्यात उतरू नये. सपाट पाण्यावर होडीतला माणूस हाच सर्वांत उंच असतो, ही गोष्ट ध्यानात ठेविली म्हणजे पुरे. रबराच्या ट्यूबेवर बसल्याने वीज लागत नाही, ही समजूत निव्वळ खोटी आहे.

आमच्या घरात पंचांग आहे, आणि मामा दरवर्षी न चुकता विचारतात, "गुरुजी, यंदा मृगाचं वाहन काय?" वाहन बेडूक किंवा हत्ती असले की ते खूष होतात. पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा पाऊस ही नावे त्यांच्याही तोंडी आहेत आणि आमच्याही. वराहमिहिराने दीड हजार वर्षांपूर्वी बृहत्संहितेत मेघांच्या गर्भधारणेचा विचार केला, आणि मुंग्या आपली अंडी हलवू लागल्या तर पाऊस जवळ आला असे लिहून ठेविले. या परंपरेविषयी आम्हांस आदर आहे. परंतु पंचांग ऋतूची गोष्ट सांगते. आज चार वाजता माकणीच्या तलावावर काय होईल, हे सांगण्याचा त्याचा दावाच नाही.

तो दावा हवामानखात्याचा. आपल्या देशात हे खाते १८७५ साली स्थापन झाले, आणि १९२८ मध्ये त्याची मुख्य कचेरी शिमल्याहून पुण्यास आली. पुण्यात तिला 'शिमला ऑफिस' हे नाव जे पडले ते आजतागायत टिकून आहे. पुढे मुख्य ठाणे दिल्लीस गेले, तरी पुण्याचे महत्त्व गेले नाही. आज हे खाते पुढील तीन तासांचा जिल्हावार अंदाज हिरवा, पिवळा, नारिंगी आणि तांबडा अशा रंगांनी देते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने तयार केलेले 'दामिनी' नावाचे साधन मोबाईलवर घेता येते. आपल्याभोवती वीस आणि चाळीस किलोमीटरांच्या आत विजा पडत असतील तर ते सावध करिते. म्हणजे पंचांग वर्षाचे, खाते तासांचे, आणि मामांचे डोळे पुढील पंधरा मिनिटांचे. या तिघांत भांडण लावण्याचे कारण नाही. प्रत्येकाची वेळ निराळी आहे.

हे सर्व ज्ञान कसोटीस लागलेले आम्ही एका वैशाखात पाहिले. दुपारचे साडेचार झाले असतील. अर्धे जाळे पाण्यात गेले होते, अर्धे होडीत होते. जाळे नवे होते आणि उसनवारीच्या पैशांनी आणलेले होते. आमचा पुतण्या काठावर मोबाईल घेऊन बसला होता. त्याचा फोन आला, की जिल्ह्याचा रंग नारिंगी झाला आहे आणि दामिनी वाजू लागली आहे. नैर्ऋत्येस ढग होता, पण डोक्यावर लख्ख ऊन होते. मुलगा म्हणाला, "अजून अर्धा घंटा मिळतोय, बाबा. जाळं सोडून मग जाऊ." मामांनी उत्तर दिले नाही. ते पलीकडच्या काठाकडे पाहत होते. मग एवढेच म्हणाले, "वारं पडलं. रिकामा डबा बांध आन् दे सोडून."

मुलाच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे दिसले ते आम्ही विसरणार नाही. तो भित्रा नव्हता, आणि अडाणीही नव्हता. दामिनीचा अर्थ तो आमच्याहून चांगला जाणत होता. पण उरलेले जाळे तसेच लोटून देणे म्हणजे ते गुंतणार, फाटणार, आणि कर्ज तेवढेच राहणार. एका पारड्यात येणार की नाही हे ठाऊक नसलेले वादळ, आणि दुसऱ्या पारड्यात निश्चित ठाऊक असलेले नुकसान. त्याने डबा बांधला, जाळे लोटले, आणि वल्हे घेतले. मामांनी होडी आमच्या गावाच्या काठाकडे वळविली नाही. जो काठ सर्वांत जवळ होता तिकडे वळविली. दूरवर दोन पोरे थर्माकोलच्या चप्पूवर होती. मामांनी डोक्याचा पटका सोडून तो हलविला आणि त्यांस हाका मारल्या. ती निघाली, पण रमतगमत.

आम्ही चिखलात पाय टेकला आणि काळी रेघ येऊन पोहोचली. पुढील पाऊण तास समोरचे पाणी पाणी राहिले नव्हते. चप्पूवरची पोरे काठापासून वीस-पंचवीस हातांवर असताना उलटली. तेथे कंबरेइतके पाणी होते म्हणून वाचली. ती मध्यावर असती तर काय झाले असते, हे कोणी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी जाळ्याचा निम्मा भाग मिळाला, तोही फाटका.

हे लिहिताना शेजारच्या सोलापूर आणि पुणे जिल्ह्यांच्या सीमेवरील उजनीची आठवण होणे अपरिहार्य आहे. २१ मे २०२४ रोजी सायंकाळी भीमेच्या त्या अफाट जलाशयात कुगावहून कळाशीकडे जाणारी प्रवासी होडी सोसाट्याच्या वाऱ्यात उलटली. एक जण पोहून काठास लागला. सहा जण बुडाले. तीही वळवाचीच वेळ होती. आणि पावसाळ्यातील धोका निराळाच: २०२५ च्या सप्टेंबरात आमच्याच परंडा तालुक्यात पुराने वेढलेल्या माणसांस हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. ज्या जिल्ह्याने पाण्यासाठी आभाळाकडे डोळे लावले, त्यास त्याच आभाळाचे भय धरण्याची वेळ आली.

तरीही आभाळाविषयी आमची तक्रार नाही. माकणीच्या काठापासून सास्तूर दूर नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपतीचे विसर्जन करून निजलेली त्या भागातील हजारो माणसे भूकंपात गेली. धरणीने कोणासही सूचना दिली नाही. मामांनी त्या पहाटे आपली माणसे गमावली आहेत. ते एकदा म्हणाले, "गुरुजी, भुई सांगत न्हाई. आभाळ सांगतंय. मग ऐकायला काय झालं?" या एका वाक्यात हवामानशास्त्राचा सारा हेतू आला, असे आम्हांस वाटते.

पण ऐकणे वाटते तितके सोपे नाही, आणि ते सर्व देशांत कठीण ठरले आहे. १८५९ मध्ये 'रॉयल चार्टर' नावाचे जहाज वादळात फुटून शेकडो माणसे बुडाली, तेव्हा इंग्लंडात ॲडमिरल फिट्झरॉय यांनी वादळाच्या पूर्वसूचना देण्याची व्यवस्था उभारली, आणि १८६१ पासून बंदरांवर धोक्याच्या खुणा चढू लागल्या. मच्छीमारांच्या गावी वायुभारमापकेही लावण्यात आली. परंतु अंदाज चुकला की फिट्झरॉय यांची थट्टा होई, आणि जहाजे बंदरात अडकून पडली की मालक कुरकुरत. आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवरावर रात्री उठणाऱ्या वादळांत कोळी बुडतात. तेथेही अलीकडे त्यांच्या भाषेत आणि त्यांच्या कामाच्या वेळा पाहून अंदाज देण्याचे प्रयत्न झाले आहेत. सर्वत्र अडचण तीच: सूचना मिळते, पण तिचे मोल कोणी भरावयाचे? दहा वेळा सूचनेवरून परतावे, त्यांतील सात-आठ वेळा वादळ दुसरीकडेच निघून जावे, आणि त्या दिवसांची कमाई बुडावी. पोट हातावर असलेल्याने ही किंमत किती वेळा मोजावी? ज्यास मासिक वेतन मिळाले त्याने "सावध राहा" असे सांगणे सोपे आहे. मच्छीमारांच्या सहकारी संस्थांनी आणि सरकारने जाळ्यांच्या नुकसानीचा व अंगरख्यासारख्या घालावयाच्या तरंगणाऱ्या जाकिटांचा प्रश्न हाती घेतल्यावाचून नुसत्या सूचनांनी काम भागणार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

याशिवाय एक गोष्ट अशी आहे, की ती सरकारच्या नव्हे, घराच्या हाती आहे. आपल्या एकत्र कुटुंबांत कोणी ना कोणी नेहमी घरी असतो. बाहेर पाण्यावर, शेतावर, किंवा प्रवासात असलेल्या माणसास आपल्या डोक्यावरचे आभाळ दिसते. घरच्या माणसास साऱ्या जिल्ह्याचे दिसू शकते. वळवाच्या दिवसांत दुपारी तीननंतर घरातील एकाने, मग तो शाळकरी नातू का असेना, अंदाजाचा रंग पाहावा आणि बाहेरच्यास कळवावे. कोण कोठे गेला, केव्हा परतणार, हे घरी सांगून जाण्याची जी जुनी रीत आहे, ती याच उपयोगाची आहे.

आणि परतलेल्याचे स्वागत कसे होते, यावर तर पुष्कळच अवलंबून आहे. त्या वैशाखात आम्ही भिजून मामांच्या दारी पोहोचलो, तेव्हा जाळे गेले हे मामींस आमच्या चेहऱ्यांवरूनच कळले असावे. त्यांनी जाळ्याविषयी विचारले नाही, माशांविषयी विचारले नाही. मुलाच्या अंगावर कोरडे धोतर टाकले आणि चुलीवर चहाचे आधण ठेविले. त्या मुलाने पुढच्या खेपेस आभाळ पाहून स्वतःच होडी वळविली, त्यात मामांच्या शिकवणुकीइतकाच त्या न विचारलेल्या प्रश्नाचा वाटा आहे, असे आम्ही समजतो. रिकाम्या हाताने परतलेल्यास ज्या घरात टोमणा मिळत नाही, त्या घरातला माणूस वेळेवर परततो.